शूटिंगवहिनींचं वाण

शूटिंगवहिनींना हसू आलं की त्या पदराचा बोळा करून तोंडात कोंबत. त्यांच्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यालाच जोडलेला, त्यांच्या तोंडापासून जेमतेम वीतभर लांब. समोर कुणी धमाल उडवून दिली आणि वहिनींच्या तोंडून नुसतं ‘खुक्’ निसटलं, तरी कॅसेटवर तेवढंच मोठ्यानं ऐकू येई आणि सगळी मेहनत पाण्यात जाई. म्हणून एक हात कॅमेऱ्याला, एक हात पदराला, डोळ्यांतून धारा, आणि खांदा मात्र जागचा हलायचा नाही. आमच्या पनवेलात त्या वेळी लग्नाचं शूटिंग करणारे बाप्ये चारपाच होते. पण हसून हसून लालबुंद झालेली आणि तरी चित्र तसूभर हलू न देणारी बाई ही एकच.

वहिनींचे यजमान म्हणजे भाऊ. एसटी स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ऐंशीचं दशक संपत आलं तसं लग्नात फोटोंबरोबर व्हिडिओही हवाच असं लोकांनी ठरवून टाकलं, तेव्हा भाऊंनी तो खांद्यावर घ्यायचा धिप्पाड कॅमेरा आणला. आणला आणि पहिल्याच लग्नात त्यांचा जुना दुखरा खांदा धरला. अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि कॅमेरा उचलायला कुणी नाही. वहिनी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला आणि कॅमेरा खांद्यावर घेतला, तो परत भाऊंकडे गेलाच नाही. नेऱ्यापासून चिरनेरपर्यंतच्या हळदींना बायका वहिनींनाच बोलावू लागल्या, कारण पुरुष कॅमेरावाला आला की त्या खांबासारख्या उभ्या राहत आणि वहिनी आल्या की नाचत. भाऊंना कुणी डिवचलं तर ते शांतपणे म्हणत, “कॅमेरा तिचाच. मी नुसता घेऊन दिला.”

मी तळ्याच्या अंगाला त्यांच्याच गल्लीत राहायची आणि पोस्टात काउंटरवर होते. साधी कारकून, पण वहिनींनी मला पहिल्या दिवसापासून ‘पोस्टमास्तर’ करून टाकलं. लग्नसराई संपली की कॅमेरा रिकामा आणि वहिनींचं डोकं भरलेलं. मग गल्लीतल्या बायकांना गोळा करून त्या पिक्चर काढत. स्वतःचे, स्वतःच्या डोक्यातले, कुणाची परवानगी न घेता आणि कुणाला हिशोब न देता. माझं अक्षर बरं म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे. पाटीवर खडूनं नाव लिहायचं, पाटी तुळशीवृंदावनाला टेकवायची आणि वहिनी त्या पाटीचं शूटिंग करायच्या. ‘टँकर आला’, ‘गॅसचा नंबर’, ‘पाहुणे जात नाहीत’. नावावरूनच कळावं, पिक्चर कशावर आहे ते.

हे पिक्चर लागायचे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बाकीच्या बायका वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या, गाळणी आणि साबणाच्या डब्या देत. एकेका घरात त्या गाळण्यांची चळत साठली होती. वहिनींचं वाण म्हणजे पिक्चर. स्टुडिओच्या मागच्या खोलीत सतरंज्या घालायच्या, टेबलावर टीव्ही, आणि दुपारी चारच्या सुमारास हळदीकुंकू झालं की दार ओढून घ्यायचं. विधवा बायका अशा दिवशी आपण होऊनच घरात बसत. वहिनी त्यांना जाऊन घेऊन येत. एकदा कुणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, “पिक्चर बघायला कुंकू लागत नाही. डोळे लागतात.”

या विधवा बायकांतल्याच गोदामावशी, आमच्या सगळ्या पिक्चरच्या नायिका. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, आणि मनानं इतक्या मऊ की मांजरीला हाकलतानासुद्धा ‘अहो’ म्हणायच्या. पण वहिनींनी कॅमेरा लावला की त्यांच्या अंगात अशी सासू संचारायची की बघणारीला आपली सासू आठवावी. घरातलं लाटणं, उलथनं, रवी, जे हाताला लागेल ते त्या उगारत आणि गल्ली हसून लोळत असे.

वहिनींची काम करून घ्यायची तऱ्हा वेगळी होती. लिहिलेलं काही नसे. “तुझ्या हातून दूध उतू गेलंय आणि सासू देवळातून परत येतेय, एवढंच,” असं सांगून त्या कॅमेरा सुरू करत. कुणी कॅमेऱ्याकडे बघितलं की ओरडत, “माझ्याकडे काय बघतेस? दुधाकडे बघ!” आणि आवडलं तरी, नाही आवडलं तरी, पुढचा शब्द ठरलेला: “परत.” आम्ही त्या ‘परत’ला कंटाळायचो आणि त्याची वाटही बघायचो, कारण वहिनींनी ‘परत’ म्हटलं नाही तर आपलं काम त्यांच्या डोळ्यांत भरलं नाही असं वाटायचं.

मंदा या टोळीत सगळ्यांत शेवटी आली. नेऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी, गल्लीच्या टोकाच्या स्वतंत्र घरात सून म्हणून आलेली. नवरा रसायनीला कारखान्यात पाळीवर जायचा. सासू म्हणजे माई. माई गोड बाई होत्या. कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू, कुणाच्या आजाऱ्याला पेज, सगळं माईंकडून जायचं. माई वाईट असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं. वहिनींनी मंदाला पिक्चरसाठी मागितलं तेव्हा माई हौसेनं म्हणाल्या, “न्या की! बोलत नाही घरात, तुमच्याकडे तरी बोलेल.” आणि शूटिंगच्या दिवशी खुर्ची घेऊन बघायलाही आल्या.

तो पिक्चर होता ‘बरणी’. सुनेच्या हातून लोणच्याची बरणी फुटते आणि ती दिवसभर ते लपवत फिरते, एवढीच गोष्ट. शेवटी सासूला कळतं आणि ती उलथनं उगारते. गोदामावशींनी उलथनं उचललं मात्र, आणि मंदाचं डावं कोपर कानाच्या वर गेलं, मान खाली, डोळे गच्च. उलथनं अजून वर जायचं होतं, त्याच्या आधीच. आम्ही सगळ्या खो खो हसलो. वहिनी तोंडात कोंबलेला पदर काढून म्हणाल्या, “काय सुरेख घाबरतेस गं! काय वेळ साधतेस! परत.” मग परत झालं. आणि परत. दर वेळी तेच कोपर, त्याच उंचीला. आमच्यातल्या कुणालाही एकच गोष्ट दोनदा तशीच करता यायची नाही, मंदाला यायची. वहिनी मला म्हणाल्या, “पोस्टमास्तर, ही जन्मजात आहे.”

संक्रांतीला ‘बरणी’ लागला आणि वहिनींच्या आधीच्या सगळ्या पिक्चरांवर कडी झाली. बायकांनी तो तुकडा मागे नेऊन नेऊन बघितला. माईसुद्धा डोळे पुसत हसत होत्या. मग कॅसेटच्या कॉपी निघाल्या, गावभर फिरल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुणे जमले की ‘ते बरणीवालं लावा’ अशी फर्माईश व्हायची. आणि ‘मंदाचं कोपर’ ही पनवेलात एक म्हणायची गोष्ट होऊन बसली. शाळेतली पोरं एकमेकांवर हात उगारून कोपर वर करायची. आमच्या पोस्टातसुद्धा साहेब चिडून आले की आमच्यातला एकजण कोपर वर करायचा आणि आम्ही फायलींत तोंड घालून हसायचो. मंदा रस्त्यानं गेली की बायका हाक मारायच्या, “ए मंदे, दाखव की कोपर!” ती दाखवायची आणि हसायची.

उन्हाळ्यात केबलवाल्याला कॅसेट द्यायची होती. वहिनी घरी दोन व्हीसीआर जोडून कॉपी करत बसल्या होत्या आणि आवाज बंद होता, कारण भाऊ आत झोपले होते. त्या रविवारी दुपारी त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. “पोस्टमास्तर, जरा ये. काही बोलू नकोस, नुसतं बघ.”

कॅसेटवर पिक्चर संपल्यानंतरचा तुकडा होता. त्या दिवशी वहिनी पाणी प्यायला गेल्या होत्या आणि कॅमेरा स्टुलावर चालूच राहिला होता. गोदामावशी कुठेतरी बाजूला गेल्या होत्या. चित्रात फक्त खुर्चीवर बसलेल्या माई, आणि त्यांच्या शेजारून रिकामे कप उचलणारी मंदा. माईंनी अंबाड्यातली पिन सारखी करायला हात वर केला. मंदाचं कोपर कानावर गेलं. मान खाली, डोळे गच्च. माईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिन खोचली आणि हात मांडीवर ठेवला. मंदानं कप उचलले आणि ती चित्राबाहेर गेली. वहिनींनी तुकडा मागे नेला आणि पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “हे मी तिला शिकवलं नाही गं. मी तिला ‘परत’ म्हणत होते. मी म्हणत होते, सुरेख घाबरतेस.”

वहिनींच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. या बाईची सगळी हुशारी नजरेत होती, आणि त्या नजरेसमोर एक पोर मार चुकवत होती आणि यांनी तिला शाबासकी दिली होती. केबलवाला आला तर त्याला त्यांनी कॅसेट द्यायचं नाकारलं. मग त्या घरोघर हिंडल्या, ‘बरणी’च्या कॉपी परत मागायला. बदल्यात कोरी कॅसेट द्यायच्या. बऱ्याच जणी हसल्या, काहींनी दिल्या, काहींनी ‘आमची मुलं रडतील’ म्हणून दिल्या नाहीत.

दोनतीन दिवसांनी मंदा विहिरीवर एकटी दिसली तेव्हा वहिनी तिच्याकडे गेल्या. मी सोबत होते. वहिनींनी तिला काही विचारलं नाही, फक्त तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “नेऱ्याला पोचवू का तुला? मी येते सोबत.” मंदानं हात सोडवून घेतला. “धाकटीचं लगीन व्हायचं हाय, वयनी. मी परत गेली तं तिला कोन करील?” मग कळशी उचलता उचलता म्हणाली, “आनि तुमी त्या क्यासेटी कशाला मागताय? हसतात तवर बरं हाय. हसतात तवर कुनाला कळत नाय.”

हे वाक्य वहिनींना लागलं ते कायमचं. त्याच सुमाराला मुंबईहून कॅसेटचा धंदा करणारा एक माणूस स्टुडिओत आला. त्यानं कुठल्याशा लग्नात ‘बरणी’ पाहिला होता. कोपरावर आणखी एक पिक्चर करा, कॅसेटी मी सगळीकडे पोचवतो, असं त्याचं म्हणणं. ज्या बाईनं तळ्याकाठच्या गल्लीत बसून पाटीवर नावं लिहून पिक्चर काढले तिला अशी हाक येणं म्हणजे केवढी गोष्ट! भाऊंच्या डोळ्यांत चमक आली होती, मी पाहिली. वहिनी त्याला म्हणाल्या, “मी हसवायचं सोडलं.” त्याला वाटलं, भाव वाढवून मागताहेत. तो गेल्यावर भाऊ फोटो कापता कापता एवढंच म्हणाले, “पुढे काय करणार?” वहिनी म्हणाल्या, “पिक्चरच. पण मी समोर उभी राहणार. पोस्टमास्तर कॅमेरा धरेल.”

आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली ही बाई. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात शूटिंग सुरू झालं. पिक्चरमध्ये एकच बाई. ती सकाळपासून कामं करते, भांडी घासते, तांदूळ निवडते, पोळ्या लाटते. बाहेरून फक्त पावलं ऐकू येतात. पावलं वाजली की तिचं कोपर वर जातं. दुसरं माणूस नाही, शब्द नाही, सासू नाही, कुणाकडे बोट नाही. गोदामावशींनी आपली भूमिका विचारली तेव्हा वहिनींनी त्यांना ओटीवर नेऊन सांगितलं, “तुम्ही फक्त इथून तिथे चालायचं.” मावशी हिरमुसल्या. पण चालल्या.

अडलं ते कोपरावर. वहिनींचं कोपर जाई, पण उशिरा जाई. कॅमेरा माझ्या खांद्यावर, माझा श्वाससुद्धा टेपवर येतोय अशी धास्ती, आणि समोर वहिनी पुन्हा पुन्हा चुकताहेत. बघताना कळायचं की ही बाई घाबरल्याचं सोंग आणतेय. त्या वैतागून पाटावर बसल्या. “मला आतून ठाऊक आहे ना, मावशी मारणार नाहीत. म्हणून हात उशिरा जातो.” जी मुलगी हे अचूक करायची तिला ते कशामुळे येत होतं, हे त्या दिवशी मला खऱ्या अर्थानं समजलं.

आम्ही अशा बसलेल्या असताना मागच्या दारात मंदा उभी दिसली. माई भजनाला गेल्या होत्या आणि ती वहिनींचं पातेलं परत द्यायला आली होती. कधीपासून बघत होती कोण जाणे. आम्ही दोघी चपापलो. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, “अशी नाय, वयनी. तुमी हात आदी उचलताय. आदी डोळे मिटायचे. डोळे मिटले का हात आपोआप जातो.” वहिनी उठल्या. मंदा दाराला टेकली. ओटीवर गोदामावशींची पावलं वाजली. वहिनींनी डोळे मिटले, कोपर गेलं. मंदानं बघितलं आणि म्हणाली, “परत.” वहिनींनी पुन्हा केलं. “परत,” मंदा म्हणाली. तिच्या तोंडावर ना राग ना रडू. एखादी पाककृती शिकवावी तशी शिकवत होती. झालं तेव्हा वहिनी घामानं भिजल्या होत्या. त्यांनी विचारलं, “दाखवू ना गं हे?”

“माजं नाव नाय ना त्याच्यात?”

“कुणाचंच नाही.”

“मंग दाखवा.”

मी पाटी घेऊन नाव विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, “कोरीच ठेव.” संक्रांतीला खोली ठासून भरली. वर्षभर सगळ्या विचारत होत्या, ‘यंदा काय?’ आणि वहिनी नुसतं ‘बघाल’ म्हणत होत्या. पडद्यावर वहिनी स्वतः दिसल्या तेव्हा टाळ्या पडल्या. पहिल्यांदा पावलं वाजली, कोपर वर गेलं आणि हशा फुटला. “मंदाचं कोपर!” कुणीतरी मागून ओरडलं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हाही हसल्या, पण कमी. मग पडद्यावरच्या बाईनं डाळ धुतली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, पावलं वाजली. आता कुणी हसलं नाही. पिक्चर पुढे जात राहिला आणि खोलीत बांगड्यांचाही आवाज येईना. माझ्या शेजारी गोदामावशी होत्या. आपलीच पावलं त्यांना ऐकू येत होती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पुटपुटल्या, “अगं, मी उलथनं उगारलं होतं गं तिच्यावर. मी उगारलं होतं.”

माई मध्येच उठल्या. “दूध तापत ठेवलंय,” म्हणाल्या. त्यांना वाट द्यायला बायका सरकल्या, पण कुणी वर बघितलं नाही. मंदा उठली नाही. पिक्चर संपला तरी कुणी दिवा लावायला हात लांब करेना. शेवटी एकीनं तक्रारीच्या सुरात म्हटलं, “सणासुदीला हे काय गं, वहिनी?” वहिनी दारात तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. “वाण आहे,” त्या म्हणाल्या. “घ्यायचं तर घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामावशी मेथीची जुडी आणि सूप घेऊन माईंच्या पायरीवर जाऊन बसल्या. बसल्या आणि भाजी निवडू लागल्या. दुपारी दुसरी कुणी तांदूळ घेऊन आली. आमच्याकडे बायका एकमेकींच्या पायरीवर बसून निवडटिपण करतातच, त्यात माईंना हरकत घ्यायला जागा नव्हती. कुणी काही ठरवलं नव्हतं, कुणी माईंना एक वाकडा शब्द बोललं नाही. पण त्या घराची पायरी दिवसा रिकामी राहीनाशी झाली. मी पोस्टातून आल्यावर संध्याकाळी शेंगा घेऊन जायची. मंदा आतून पाणी आणून द्यायची. वहिनी मात्र कधी त्या पायरीवर गेल्या नाहीत. “मला बघून माई तिच्यावर राग काढतील,” म्हणायच्या.

हे चांगलं झालं असं मी इथे थांबून म्हणू शकले असते तर किती बरं होतं. वर्षभरात माईंच्या मुलानं घर विकलं आणि ती मंडळी कामोठ्याला नव्या इमारतीत राहायला गेली. तिसरा मजला, बंद दार, पायरी नाही. तिथे मेथीची जुडी घेऊन कुणी कुठे बसायचं? गल्लीत बोललं गेलं की वहिनींच्या पिक्चरमुळे त्या पोरीला उचलून नेली. वहिनींच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण त्या ऐकून होत्या. एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, “खोटं नाही ते. पायरीवर होती ती, मी तिला दाराआड घालवली.” लग्नाच्या ऑर्डरीही हळूहळू दुसऱ्यांकडे गेल्या. कॅमेऱ्यातून ही बाई काय बघेल याची लोकांना भीती वाटू लागली असावी. त्यांनी पुढे आणखी दोन पिक्चर केले, दोन्ही तसेच, मन जड करणारे. खोलीत सतरंजीचा अर्धा भाग रिकामा असायचा. गोदामावशी आणि मी असायचो.

मंदाला मुलगी झाल्याचं कळलं. ती बालवाडीत जायला लागली तेव्हा वहिनींनी कुठून तरी त्या बालवाडीचा पत्ता काढला. गुरुवारी स्टुडिओ बंद असे. दर गुरुवारी त्या रिक्षानं कामोठ्याला जात आणि बालवाडीच्या फाटकापाशी उभ्या राहत. मंदा मुलीला न्यायला आली की एकच शब्द विचारत, “येतेस?” मंदा म्हणे, “नाय, वयनी.” वहिनी म्हणत, “बरं,” मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवत आणि परत येत. समजावणं नाही, रागावणं नाही. एकदा मी सोबत गेले होते. परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, “वहिनी, दर आठवड्याला नाही ऐकायला कशाला जायचं?” त्या म्हणाल्या, “मी तिला कितीदा ‘परत’ म्हटलं, तेव्हा तिनं कधी कंटाळा केला?”

असं दोनेक वर्षं चाललं. मग वहिनींचं पोटाचं दुखणं निघालं आणि त्यांना मुंबईच्या इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न, “आज वार कोणता?” मी म्हटलं, “मी जाऊ का कामोठ्याला? सांगू तिला?” त्यांनी मान हलवली. “आजारी आहे म्हणून सांगू नकोस. आजाऱ्याच्या घरी ती पोर कधी पिशवी घेऊन यायची नाही. तिला वाटेल, आपला भार कशाला.” त्यांना उठवून बसवताना पाहिलं, खांद्यावर कॅमेऱ्याचा घट्टा अजून तसाच होता, बाकी सगळी बाई आटून गेली होती. पावसाळा संपता संपता वहिनी गेल्या. मला मोठी बहीण नव्हती. ती गेल्याचं दुःख काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

वहिनींचे दिवस अजून व्हायचे होते. दुपारी आम्ही काही बायका स्टुडिओमागच्या त्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. दार उघडंच होतं. भाऊ दारापाशी खुर्चीवर होते. बाहेर रिक्षा थांबली आणि एका हातात रेक्झिनची पिशवी, दुसऱ्या हातात मुलगी अशी मंदा उतरली. ती वाळली होती. गालावर एक जुना डाग होता, तो आम्ही ओळखत नव्हतो. तिनं आत इतक्या जणींना बघितलं आणि ती दारातच थबकली. तिला वाटलं असावं, काही कार्यक्रम आहे.

“भाऊ, वयनी हायत का?” तिनं विचारलं. “लय दिस कुनी इचारायला आलं नाय. मंग म्हटलं, आपनच जावं.” आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली, “त्यांना सांगा ना, मी आले.”

भाऊ उठले. आयुष्यभर कमी बोललेला तो माणूस. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

“ती नाही गं, मंदा,” ते म्हणाले. “पण तू आत ये.”

गोदामावशी भिंतीकडे सरकल्या आणि आपल्या शेजारी त्यांनी दोघींपुरती जागा केली.